शून्याला लावलेलं शेपूट

मंगळवेढ्याला लोक जातात ते ज्वारीसाठी, नाहीतर तिथल्या संतांपुढे डोकं टेकायला. मी गेल्या मार्गशीर्षात एक वही परत द्यायला गेलो. साधी शंभरपानी वही, पहिल्या पानावर हळदीकुंकवाची बोटं उमटलेली. ती शेवंताबाईंची. चौदा वर्षं माझ्या पत्र्याच्या पेटीत होती. त्यांनी तीनदा निरोप पाठवून ती मागितली होती आणि तिन्ही वेळा मी ‘शोधतो’ असं कळवलं होतं. वही कुठे आहे हे मला चांगलं ठाऊक होतं.

मी मूळचा गुहागरकडचा. तरुणपणी आठ वर्षं सोलापूर जिल्ह्यात पिकांवरच्या किडी मोजण्याच्या एका प्रकल्पात नोकरीला होतो. काम असं, की गावोगाव एकेक शेतकरी निवडायचा. त्याने दर मंगळवारी आपल्या रानातली दहा ताटं, म्हणजे ज्वारीची दहा झाडं, पानं उलटून बघायची. रस शोषणारा मावा किती आणि त्या माव्याला खाणारे ढालकिडे किती, ते वहीत लिहायचं. मी वह्या गोळा करून आकडे वर पाठवायचे. वरून सल्ला यायचा: फवारा, किंवा थांबा. बहुतेक गावांत हे काम पुरुषांनी घेतलं. मंगळवेढ्यापासून पाचसहा किलोमीटरवरच्या एका वस्तीवर मात्र ते शेवंताबाईंकडे आलं, कारण त्यांच्या नवऱ्याने ‘किडं मोजत बसायला मी काय रिकामा हाय?’ म्हणून वही बायकोकडे सरकवली होती.

चौथी शिकलेल्या त्या बाईने तीन वर्षं एकही मंगळवार चुकवला नाही. चुकलो तो मी.

आता माझं वय चोपन्न. बायको लेकीच्या बाळंतपणासाठी बंगळुरूला गेली ती नातवात रमली. फोनवर आम्ही एकमेकांना जेवलास का, जेवलीस का, एवढंच विचारतो. रिकाम्या घरात माणूस पेट्या उघडतो. मी उघडली, आणि वही वर आली.

सोलापूर

थंडी असेल म्हणून स्वेटर आणला होता. तो पिशवीतून बाहेर निघालाच नाही. सकाळी नऊला स्टेशनबाहेर उभा होतो तर मान घामेजली होती. पूर्वी या दिवसांत इथे सकाळी रिक्षावाले मफलर गुंडाळून शेकोटीभोवती बसलेले असायचे.

मुद्दाम जुन्याच लॉजमध्ये उतरलो. पूर्वी गावांहून परतलो की याच लॉजच्या जिन्याजवळच्या खोलीत बसून आकडे उतरवायचो. तीच खोली मागितली. टेबल तेच नव्हतं, खिडकी तीच होती. जेवायला खाली कडक भाकरी, शेंगांची चटणी आणि वर ओतायला दही. आमच्याकडे भात नसला तर जेवलो असं वाटतच नाही. इथे आठ वर्षं काढूनही पहिल्या दिवशी माझा हात भात शोधतो. वाढणाऱ्याने विचारलं, “एकटेच?” मी हो म्हटलं. त्याने समोरची खुर्ची उचलून दुसऱ्या टेबलाला लावली. त्याचं काही चुकलं नाही.

दुपारी चादर घ्यायला गेलो. रिकाम्या हातांनी जायची हिंमत नव्हती. दुकानदार विणकर घराण्यातले, घरात तेलुगू बोलणारे, गिऱ्हाइकाशी मराठी.

“कुणासाठी पाहिजे अण्णा? घरच्यांसाठी?”

“नाही. एका ओळखीच्या बाईंसाठी.”

त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. “वय?”

“साठीच्या पुढे.”

“मग हलकी घ्या. आणि खरं सांगू? यंदा चादर घेणारे तुम्ही तिसरे. डिसेंबर चाललाय आणि मी रात्री फॅन लावतो. चादरीच्या दुकानदाराच्या घरी फॅन!” आत वळून ते तेलुगूत काहीतरी बोलले, आतून बायकोचा हसण्याचा आवाज आला. मला त्या दोघांचा हेवा वाटला.

मी लाल-निळ्या मोरांची चादर घेतली. खोलीवर येऊन वही उघडली. आता मी काय केलं होतं ते सांगतो, कारण ते न सांगता पुढचा प्रवास सांगण्यात अर्थ नाही.

त्या वर्षी थंडी पडलीच नव्हती. कार्तिकातही पाऊस येत राहिला, मग नुसतं ढगाळ. एरवीचा क्रम ठरलेला: थंडी सुरू झाली की मावा, आणि मागोमाग पंधरा दिवसांत ढालकिडे. त्या वर्षी मावा लवकर आला आणि उबदार रात्रींत भराभर वाढला. ढालकिडे आलेच नाहीत. शेवंताबाईंनी पाच मंगळवार दहा-दहा ताटं बघितली आणि ढालकिड्यांच्या रकान्यात पन्नास शून्यं लिहिली. गोल, मोठी, जपून काढलेली.

आमच्याकडे शून्य कुणाला आवडायचं नाही. शून्य पाठवलं की वरून विचारणा व्हायची: खरंच बघितलं का? पुन्हा जा, पुन्हा मोजा, सही आणा. रकान्यात एक लिहिलं तर कुणी काही विचारत नसे. म्हणून आम्ही सगळेच सर्वेक्षक शून्याला खालून एक छोटं शेपूट लावायचो. शून्याला शेपूट लावलं की एक होतो. ती आमची रीतच पडून गेली होती, चहा पिता पिता करायची. मी स्वतःची समजूतही घातली होती: मागच्या सगळ्या वर्षांचे आकडे सांगतात की या आठवड्यात ढालकिडे असतात, म्हणजे असणारच, बाईंना दिसले नसतील. या खिडकीशी बसून मी पन्नास शेपटं काढली.

आमच्या तक्त्याप्रमाणे ताटामागे एक ढालकिडा म्हणजे भरपूर. सल्ला आला: मित्रकीटक पुरेसे आहेत, फवारणी नको. तो ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लागला. शेवंताबाई स्वतः चकित झाल्या असणार, पण सरकारी कागदावर त्यांचा विश्वास. त्यांनी वस्तीवरच्या आठ घरांना पंप धुऊन ठेवायला लावले. “थांबा की, किडं येत्यात,” असं सांगत फिरल्या. आठही घरांच्या ज्वारीवर चिकटा पडला. माव्याची साखरेसारखी विष्ठा पानांवर ओघळते आणि पान आरशासारखं चमकतं, मग त्यावर काळी बुरशी. दाणा भरला नाही. कडबा काळा पडला, बैलांनी तोंड फिरवलं.

मला त्याच महिन्यात कोकणात बदली मिळाली.

दुधनी

दुसऱ्या दिवशी सकाळी एस. टी. स्टँडवर मंगळवेढ्याची गाडी फलाटाला लागलेली होती. कंडक्टर ओरडत होता. मी तिच्याकडे बघत बघत शेजारच्या अक्कलकोटच्या गाडीत चढलो. आधी दर्शन घेऊ, असं मनाशी म्हणालो. हे लिहिताना लाज वाटते. देवाला मी फक्त उशीर करण्यासाठी वापरलं.

अक्कलकोटला दर्शन तासाभरात झालं. परतीच्या गाडीला वेळ होता आणि दुधनीची समोर उभी होती, म्हणून तिच्यात बसलो. दुधनीत उतरलो तर बाजार बंद, हॉटेलं बंद. चौकात एक कुत्रं आणि मी. इतक्या मोकळ्या रस्त्यात उभं राहिलं की आपण कुणालाच नको आहोत असं वाटायला लागतं. एक टेम्पो जवळून जाता जाता थांबला. मागे बायका, डबे, घागर. पुढून एक पागोटेवाले गृहस्थ वाकले.

“कुटं जायचं हाय?”

“कुठे नाही. हॉटेल शोधतोय.”

“आज हाटेल? आज येळवस हाय की! सारा गाव रानात. बर्री, चढा.”

‘बर्री’ म्हणजे कन्नडमध्ये या. इथे एका वाक्यात दोन भाषा सहज नांदतात. त्यांचं नाव शिवलिंगप्पा. मार्गशीर्षातल्या अमावस्येला इकडे घरची माणसं सगळा स्वयंपाक घेऊन रानात जातात, कडब्याच्या खोपीत पाच दगडांची पूजा करतात आणि वाटेवरचा माणूस उपाशी जाऊ देत नाहीत, हे मला माहीत होतं. आठ वर्षांत मला कितीतरी घरांनी बोलावलं होतं. त्या दिवशीची सुट्टी मी दर वर्षी लॉजवर झोपून काढली.

पानावर भज्जी आली. बेसनाची नव्हे, ताज्या शेंगांचे दाणे आणि पालेभाज्या एकत्र शिजवलेली दाट भाजी. सोबत ज्वारीचे उंडे, म्हणजे वाफवलेले गोळे, आणि आंबट ताकातली आंबील. आंबील मी आधी भीतभीत घेतली, मग तिसऱ्यांदा मागितली. शिवलिंगप्पांची बायको कन्नडमध्ये काही म्हणाली. ते हसले. “ती म्हणतीया, पावन्याला घरी कोण वाढत न्हाय वाटतं.”

बाजूला त्यांची तूर फुलात होती. मी न राहवून एक शेंडा वाकवला. शेंगा पोखरणारी हिरवी अळी होतीच.

“तुमाला कळतंय वाटतं ह्यातलं?” त्यांनी विचारलं. “काय करता?”

“काही नाही. देवदर्शनाला आलोय,” मी म्हणालो.

“आमचा बाप तुरीखाली गोणपाट टाकून झाडं हलवायचा. अळी पडली की कोंबड्यास्नी. औषध न्हाय, पंप न्हाय. आता फुलात पाऊस येतोय, मग ऊन, मग आभाळ. अळी दोनदा येती.”

“मग कोंबड्यांची चैन.”

“कसली चैन! अळी दोनदा यायला लागली तवर कोंबड्याच इकून झाल्या.” ते स्वतःच खळखळून हसले. मग उठून टोपलीत थोडं थोडं सगळं जेवण कालवून घेतलं आणि रानाच्या कडेने मोठ्याने पुकारत, मूठमूठ उडवत निघाले. याला ते चरग म्हणतात. परत आल्यावर मी विचारलं, हे कुणासाठी?

“भूमायसाठी. मग पाखरं, उंदीर, किडं, सगळ्यास्नी.”

“किड्यांना पण?”

“किड्याला ऱ्हायलं तर किडं खाणाऱ्याला मिळंल की. ह्यात काय अवघड हाय?”

काहीच अवघड नव्हतं. एवढंच सांगण्यासाठी मी आठ वर्षं गावोगाव तक्ते लावले होते. चारही बाजूंना, जिथवर नजर जाईल तिथवर, खोपीखोपींतून धूर निघत होता, माणसं हाका मारून एकमेकांना जेवायला बोलावत होती. त्या अख्ख्या शिवारात आपलं रान नसलेला मी एकटाच होतो. टेम्पोने स्टँडवर सोडताना शिवलिंगप्पा म्हणाले, “दर्शन चांगलं झालं न्हवं?” मी मान हलवली. एका चांगल्या माणसाचं जेवून त्याच्याशी खोटं बोललो होतो.

मंगळवेढा

तिसऱ्या दिवशी मात्र बरोबर गाडीत बसलो. भीमेचा पूल ओलांडला की हळूहळू झाडं संपतात. कोकणातल्या माणसाला या रानाची भीती वाटते. आमच्याकडे दहा पावलांवर वळण, कुंपण, आंबा, काहीतरी आडोसा असतो. इथे काळी जमीन सपाट पसरलेली आणि तिच्यावर फक्त ज्वारी. लपायला जागाच नाही. एरवी येळवशीपर्यंत कणसं बाहेर पडलेली असतात. यंदा पावसाने पेरणी लांबवलेली, त्यामुळे बरीच ज्वारी अजून पोटरीत, कणीस पानांच्या आतच होतं.

स्टँडवरून वस्तीपर्यंत चालत गेलो. दारात शेवंताबाईंची सून मनीषा धुणं वाळत घालत होती. मी नाव सांगितलं. तिला ते माहीत होतं, कारण तिचा हात थांबला.

“आत्या,” तिने आत हाक दिली, “किड्यांवालं सर आल्यात.”

शेवंताबाई ओसरीत हरभऱ्याचा पाला निवडत बसल्या होत्या. एका डोळ्यावर मोतीबिंदू उतरलेला, दुसऱ्याचं ऑपरेशन झालेलं, जाड भिंगाचा चष्मा. मी नमस्कार केला. त्यांनी चेहरा माझ्या दिशेने वर केला.

“बरं हाय का, शेवंताबाई?” मी त्यांच्यासारखं बोलायचा प्रयत्न केला.

“कोकणातला आवाज,” त्या म्हणाल्या. “बसा, सायेब.”

पूर्वी मला त्या भाऊ म्हणायच्या.

मी चादर पुढे केली. त्यांनी ती उलगडून डोळ्यांजवळ नेली, मोरांवरून हात फिरवला. “लई नक्षी हाय. साधी पांढरी आनली असती तर ताटाखाली धरून किडं तरी मोजलं असतं. ह्या मोरांत काय दिसायचं?” मनीषा तोंडाला पदर लावून हसली. मला थोडं बरं वाटलं, आणि त्या बरं वाटण्याच्या जोरावर मी वही काढली.

वही हातात येताच त्यांनी ती ओळखली. पहिल्या पानावरच्या कुंकवाच्या बोटांवर स्वतःची बोटं ठेवून बघितली.

“घावली म्हणायची.”

“हरवली नव्हती,” मी म्हणालो. “माझ्याकडेच होती. मुद्दाम दिली नाही.”

मग सांगितलं. घरून तयार करून आणलेल्या वाक्यांपैकी एकही उपयोगी पडलं नाही. शून्यं, शेपटं, लॉजची खिडकी, विचारणेचा कंटाळा. तुमचे किडे दिसले नसतील असं मी ठरवलं होतं, हेही. त्या पाला निवडत राहिल्या. मी थांबल्यावर म्हणाल्या, “किती शून्यांला?”

“पन्नास.”

“पन्नासच्या पन्नास?”

“हो.”

त्यांनी हातातली काडी खाली ठेवली. “म्हंजी माजी नजर चांगली हुती.”

मी हो म्हणालो.

“मनीषा, ऐकलंस का? माजी नजर चांगली हुती.” मग माझ्याकडे वळून, आवाज न चढवता त्या बोलल्या, आणि तेच जास्त लागलं. “सायेब, तवा कागुद आला की किडं हायती. मी म्हनलं, सरकारला दिसत्यात, मला दिसंनात, तर माज्याच डोळ्यांत बिघाड. त्याच साली सोलापूरला डोळं दावाय गेले. डाक्टर म्हनला, काय न्हाय झालं. मला पटलं न्हाय. आट घरांनी माजं ऐकलं हुतं. लग्नात वाढाय गेले तरी म्हनायची मानसं, शेवंताक्काचं किडं आलं का गं जेवाय? आन मी वही मागत हुते ती कशापायी? माजं कुटं चुकलं त्ये बघाय.”

इतकी वर्षं मला वाटायचं, त्यांना माझी चूक शोधायची असेल.

“मला माफ करा,” मी म्हणालो.

“त्ये माफीबिफी मला कळत न्हाय. जेवा. मग रानात जाऊ.”

मनीषाने ज्वारीची भाकरी, पाल्याची भाजी आणि लसणाची चटणी वाढली. पानात टाकायचं धाडस झालं नाही, सगळं संपवलं.

रानाकडे जाताना शेवंताबाईंनी मनीषाचा खांदा धरला होता. वाटेत कळलं की मावा यंदाही लवकर आला आहे. मनीषाचा नवरा सोलापूरला कारखान्यात असतो. तो दुसऱ्या दिवशी सुट्टी काढून पंप घेऊन यायचा होता. फवारायचं की थांबायचं, हे अजून ठरलं नव्हतं.

“पयलं कसं,” शेवंताबाई म्हणाल्या, “थंडी पडायची, मावा यायचा, मागनं कुकवाचं किडं.” ढालकिड्यांना त्या कुंकवाचे किडे म्हणतात. “आता आभाळ आलं की मावा. आन कसला बिगीनं वाढतुया! एकाचं दहा, दहाचं शंबर. किडं आपल्या वक्ताला येत्यात. तवर पंगत उठल्याली असती. मग त्ये उपाशी, आन आमी पंप मारला की मेल्याली.”

पुस्तकांत मी नंतर वाचलं ते हेच होतं. उबेत माव्याच्या पिढ्या झपाट्याने पुढे सरकतात, त्याला खाणारे तेवढ्या वेगाने पोचत नाहीत; आणि माव्याच्या पोटात अंडी घालणाऱ्या चिमुकल्या माश्यांना दुपारचं ऊन सोसत नाही. त्या माशीने अंडं घातलेला मावा तपकिरी होऊन फुगतो. शेवंताबाईंनी त्याला तेव्हाच नाव दिलं होतं: पोटुशा. प्रकल्पाच्या कागदांत त्यासाठी रकानाच नव्हता. वहीत मात्र त्यांनी समासात लिहून ठेवला होता, दर आठवड्याला कमी होत गेलेला.

बांधावर त्या थांबल्या. “मला दिसत न्हाय, हिला वळखू येत न्हाय. मोजा.”

मी पँटचे पाय दुमडून आत शिरलो. पूर्वीच्याच रीतीने, रानाच्या एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्याकडे तिरकं जात. खरं सांगायचं तर आठ वर्षांत मी स्वतः अशी दहा ताटं पूर्ण कधी मोजली नव्हती. दोनतीन बघायचो, बाकी अंदाजाने. पहिल्या ताटाचं वरचं पान उलटलं. मावा दाट, निळसर हिरवा. काही माव्यांना पंख फुटलेले. एकेक पान, मग पोंग्यात, मधल्या कोवळ्या पानांच्या सुरळीत, डोकावून.

“पयलं?” बांधावरून आवाज.

“मावा भरपूर. ढालकिडा शून्य.”

“दुसरं?”

“शून्य.”

चौथ्याला पान लालसर दिसलं आणि मी डोळे जवळ नेले. पानावरचा तांबेरा होता, बुरशीचा डाग. पाचव्यापर्यंत माझे गुडघे दुखायला लागले. बांधावर त्या पदराने उन्हाची तिरीप अडवून उभ्या होत्या, मान किंचित पुढे. त्यांना एक हवा होता. एक म्हटलं असतं तर त्या म्हणाल्या असत्या, थांबू. त्यांचं चौदा वर्षांपूर्वीचं बोलणं थोडं तरी खरं झालं असतं. सहाव्या ताटाशी मी जरा जास्त वेळ बसलो. कुणी विचारणा करणार नव्हतं. कुणाला कळलंही नसतं.

“सहावं, सायेब?”

“शून्य.”

सातव्यावर, कडुलिंबाच्या बाजूला, तीन पोटुशे सापडले, एकाच्या पाठीला गोल भोक पाडून आतली माशी उडून गेलेली. तेवढं सांगितलं. आठ, नऊ, दहा: शून्य.

शेवंताबाई सुनेला म्हणाल्या, “उद्या मारा म्हनावं पंप. पर त्या लिंबाकडची चार तासं सोडा. तितं थेंब पडू देऊ नगा.” तास म्हणजे पिकाची ओळ.

“चार तासं कशापायी, आत्या? तितला मावा पुन्ना हिकडं येईल की,” मनीषा म्हणाली.

“येऊ दी. उशिरा का हुईना, किडं आलं तर त्यास्नी खायाला कायतर नको व्हय? आन ते तीन पोटुशे बी तितं हायती, लिंबाच्या अंगाला.”

मला दुधनीची टोपली आठवली.

“लिवा,” त्या मला म्हणाल्या. वहीत कोरी पानं उरली होती. मी बांधावर बसून जुन्या पद्धतीने रकाने आखले आणि दहा शून्यं लिहिली. वही गुडघ्यावर टेकवून लिहिल्यामुळे दोनतीन वाकडी आली. त्यांनी वही मागून घेतली. डोळ्यांपाशी नेली नाही. मांडीवर ठेवून एकेका शून्यावरून अंगठा फिरवत गेल्या, बॉलपेनाने पडलेली खाच चाचपत, प्रत्येकाच्या खालच्या अंगाला जरा थांबत. दहावं झाल्यावर वही मिटली.

“तुमच्याकडं बी एक वही करा,” त्या म्हणाल्या. “दर मंगळवारी हिच्या फोनवरनं सांगीन. हिला म्या शिकविते वळखाय. एकाच जागी लिवलं की बदलतंय.”

स्टँडपर्यंत मनीषा दुचाकीवरून सोडायला आली. “आत्या इतकं बोलल्याल्या मी पयल्यांदा ऐकलं,” एवढंच ती म्हणाली. गाडीत खिडकीशी बसलो. शेजारची जागा सोलापूरपर्यंत रिकामी होती.

घरी

आमच्याकडे आंब्याला यंदा मोहोर उशिरा आहे. तुडतुडे मात्र वेळेआधी आले. शेजारी विचारतात, काय मारू? मी म्हणतो, आधी मोजू या. ते मला टाळायला लागले आहेत.

नवी वही आणली. मंगळवारी सकाळी नऊच्या सुमारास मनीषाचा फोन येतो. सोडलेल्या चार तासांमधली दहा ताटं ती बघते आणि आकडे सांगते. मी आधी लिहितो, मग मोठ्याने वाचून दाखवतो. शेवंताबाई फोनवर येत नाहीत. मागे त्यांचं खाकरणं ऐकू येतं. पहिल्या मंगळवारी दहा शून्यं. दुसऱ्या मंगळवारी दहा शून्यं. तिसऱ्याही. फवारलेल्या ज्वारीचं बरं चाललं आहे, सोडलेल्या चार तासांत चिकटा पडला आहे आणि वस्तीवरचे लोक पुन्हा हसायला लागले आहेत, असं मनीषा म्हणाली. मी फोन ठेवून त्या शून्यांकडे बघत बसलो.

चौथ्या मंगळवारी तिचा आवाज वेगळा होता. “सर, लिवा. एकला शून्य, दोनला शून्य, तीनला शून्य...” ती सहापर्यंत आली आणि थांबली. “सातला, एक.”

माझं पेन कागदावर टेकलेलं होतं, पण हात पुढे जाईना. “नक्की एक? नीट बघितलंस? तांबेऱ्याचा ठिपका नाही ना? हलतोय का?”

मागून शेवंताबाईंचा आवाज आला, मोठ्याने, मला ऐकू जाईल असा.

“त्यास्नी सांग, हलतुया. आन म्हनावं, शेपूट म्या लावल्यालं न्हाय.”